ग्रेगोरियन चांटमध्ये लय नेमकी कुठून घ्यायची? सोलेमवाले, मात्रावाले आणि न्यूमवाले

तानपुरी | ८ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, हा विषय इथे कितपत चालेल माहीत नाही, पण इथल्या संगीतवाल्यांना वाद आवडतात म्हणून टाकतेय. मी सध्या जर्मनीत आहे आणि इथल्या एका छोट्या चर्चच्या गायनवृंदात गाते. ख्रिश्चन नाही, गाणं आवडतं म्हणून जाते, कुणी काही विचारत नाही. आम्ही महिन्यातून एकदा लॅटिन ग्रेगोरियन चांट, म्हणजे चर्चमधली जुनी मध्ययुगीन गाणी, गातो. साथ नाही, हार्मनी नाही, सगळे एकाच सुरावर.

आमचे जुने संचालक निवृत्त झाले. त्यांची पद्धत फ्रान्समधल्या सोलेम मठाची, एकदम शिस्तीची, 'लिबेर उसुआलिस' नावाचं जाडजूड पुस्तक, त्यात चार रेघांवर चौकोनी ठिपके, प्रत्येक ठिपका सारख्या लांबीचा, दोनदोन-तीनतीनचे गट करायचे आणि ते हात हवेत लाटेसारखे फिरवणार. आता नवीन बाई आल्यात, त्यांनी 'ग्रादुआले त्रिप्लेक्स' आणलं. त्यात त्याच ठिपक्यांच्या वर काळ्या आणि खाली लाल शाईत मुंग्या चालल्यासारख्या खुणा, त्यांना न्यूम म्हणतात. त्या म्हणतात ठिपके सारखे धरू नका, शब्द बोला आणि लाल खुणा बघा. आणि आमच्यात एक खर्जातले काका आहेत, त्यांचं म्हणणं दोघंही चूक, मुळात यात लघु-गुरू होते, एकास दोन.

नाताळचं प्रवेशगीत 'पुएर नातुस एस्त' (मूल जन्मलंय) बसवतोय. सुरुवातीलाच सा वरून थेट प वर उडी, फार सुंदर आहे. पण तीच ओळ तीन तऱ्हेने ऐकली आणि तीन वेगळी गाणी वाटली. अर्धी तालीम भांडणात जाते. माझा प्रश्न असा की, हजार वर्षं गायली जाणारी गोष्ट आणि एक सूर किती लांबवायचा हे कुणालाच माहीत नाही, असं कसं होऊ शकतं? आणि यातलं कोणतं जास्त पटण्यासारखं?

खवचट_खापर | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

हजार वर्षं लांब राहिली, आमच्या सोसायटीच्या गणपतीत पंधरा वर्षांत 'सुखकर्ता'च्या तीन चाली झाल्यात आणि प्रत्येक विंग म्हणते आमचीच मूळची.

ठेकेदार | ८ डिसेंबर, रात्री १०:४१

तबलजी माणूस आहे, एकच शंका. सम कुठेय?

तानपुरी | ८ डिसेंबर, रात्री १०:४४

@ठेकेदार नाहीये. म्हणूनच तर भांडण.

ठेकेदार | ८ डिसेंबर, रात्री १०:४६

मग आलाप समजून गा आणि झोपा की.

बोरूबहाद्दर | ९ डिसेंबर, सकाळी ८:०५

वा, बऱ्याच दिवसांनी दमदार धागा. जरा लांब लिहितो.

'हजार वर्षं गायली जाणारी' इथेच गोम आहे. सलग तशीच गायली गेली नाही. सगळ्यात जुनी सुरांच्या खुणा असलेली पूर्ण हस्तलिखितं दहाव्या शतकाच्या आसपासची. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन मठातलं ३५९ नंबरचं, आइन्झिडेल्नचं १२१ नंबरचं, उत्तर फ्रान्समधल्या लाँचं २३९. यांत रेघाच नाहीत. शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा, तेच न्यूम. त्यावरून स्वर कोणता ते नीट कळत नाही, कारण स्वर गाणाऱ्याला पाठच असायचा. पण कुठे रेंगाळायचं, कुठे सटकायचं, हे फार बारकाईने लिहिलंय. मग अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो रेघा घेऊन आला. आता स्वर न ऐकता वाचता यायला लागला, पण त्या सोयीत बारकावे गळाले. रेघांवर नीट बसणारे ठिपके म्हणजे सगळे सारखेच दिसणारे ठिपके. तेराव्या शतकापर्यंत लेखक सरळ म्हणायला लागले की मोजून गायचं ते एक संगीत आणि हे दुसरं, सपाट.

पुढे तर आणखी वाट लागली. १६१४-१५ च्या रोमच्या आवृत्तीत लांब ताना कापून टाकल्या, आणि एकोणिसाव्या शतकात तीच छाटलेली आवृत्ती जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या प्रकाशकाने पुन्हा छापली, रोमच्या शिक्क्यासकट. चर्चांमधून एकेक सूर हातोडा मारल्यासारखा गायचे. त्यामुळे १८३३ साली फ्रान्समध्ये सोलेमचा मठ गेरांजेने पुन्हा सुरू केला तेव्हा त्यांच्यापुढे जिवंत परंपरा अशी नव्हतीच. होती ती जुनी बाडं. तुमचे तिन्ही पक्ष त्या बाडांतून निघालेत. म्हणजे तुमचे निवृत्त संचालक जे गातात ती 'जुनी' पद्धत साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचीच आहे.

कवडसा | ९ डिसेंबर, सकाळी ९:२०

वाचतेय. विषयातलं ओ की ठो कळत नाही पण मजा येतेय.

तानपुरी | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

@बोरूबहाद्दर मग ते दोनदोन-तीनतीनचे गट कुठून आले? आमच्या जुन्या पुस्तकात ठिपक्यांखाली बारीक उभ्या रेघा आहेत, त्यावर 'टेका' म्हणायचे सर.

बोरूबहाद्दर | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

ती उभी रेघ म्हणजे इक्टस, आणि ती हस्तलिखितातली नाही. सोलेमच्या दोम मोकरोची आहे ('दोम' ही भिक्षूंची पदवी).

सोलेममध्येच दोन माणसं. आधीचा दोम पोतिए. त्याचं म्हणणं साधं, लॅटिन गद्य वाचताना जसा आवाज चढतो-उतरतो तसं गा, शब्दाचा आघात हाच लयीचा कणा. १८८० मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, १८८३ मध्ये सुधारित गानपुस्तक काढलं. त्याचा शिष्य मोकरो. त्याने १८८९ पासून हस्तलिखितांचे फोटो छापायला सुरुवात केली, ते काम खरंच डोंगराएवढं. पण लयीबाबत त्याने स्वतःचं शास्त्र बांधलं, १९०८ मध्ये पहिला खंड. मूळ मात्रा एकच, ती फोडायची नाही, आणि सगळी चाल दोन किंवा तीन मात्रांच्या गटांत चालणार. गटाची पहिली मात्रा म्हणजे इक्टस. आणि गंमत अशी की इक्टस शब्दाच्या आघातावर पडलाच पाहिजे असं नाही. 'देउस' म्हणताना आघात 'दे'वर आणि टेका 'उस'वर, असं बिनधास्त होतं. पोतिएवाल्यांना हे अजिबात पटलं नाही.

१९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये हेच संगीत पुन्हा आणा म्हणून फर्मान काढलं, पुढच्या वर्षी व्हॅटिकन आवृत्तीची समिती नेमली, अध्यक्ष पोतिए. मोकरोही समितीत. गुरु-शिष्यांचं तिथे जे वाजलं ते वाजलं, आणि अधिकृत पुस्तक पोतिएच्या मताने निघालं, म्हणजे इक्टस वगैरे काही नाही. मग सोलेमने तेच पुस्तक आपल्या रेघा-टिंबं घालून वेगळं छापलं आणि जगभर खपलं ते हेच.

खवचट_खापर | ९ डिसेंबर, रात्री ८:०२

थोडक्यात मूळ पुस्तकापेक्षा गाइडच जास्त खपलं.

मात्रागण | ९ डिसेंबर, रात्री ११:३३

खर्जातल्या काकांच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

बोरूबहाद्दरांनी ग्विदोचं नाव घेतलं, पण त्याच ग्विदोच्या 'मिक्रोलोगुस'च्या पंधराव्या प्रकरणात काय आहे ते सोडलं. तो म्हणतो की चाल वृत्तातल्या चरणांसारखी ठेका धरून म्हणावी, आणि काही सूर दुसऱ्यांपेक्षा दुप्पट लांब किंवा दुप्पट आखूड असतात. दुप्पट! 'जरा लांब' नाही. त्याच्याही आधीच्या 'कोम्मेमोरात्सियो ब्रेविस' या छोट्या ग्रंथात म्हटलंय की सगळे लांब सूर सारखे लांब आणि सगळे आखूड सूर सारखे आखूड पाहिजेत. याहून स्पष्ट काय लिहायचं त्यांनी?

आणि लाँचं हस्तलिखित उघडून बघा, एका अक्षराला एक सूर असेल तर दोन खुणा आहेत, एक आकड्यासारखी वाकडी आणि एक नुसतं टिंब. टिंब म्हणजे आखूड. दोनच आहेत, पाच नाहीत. फादर वोलार्ट्सचं पुस्तक १९५८ मध्ये आलं, त्यात हे ओळीओळीने दाखवलंय. इंग्लंडातले दोम ग्रेगरी मरे तर आधी सोलेमचे कट्टर होते, पुरावे बघून सरळ मात्रापक्षात आले आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आपल्याकडे ह्रस्व एक मात्रा, दीर्घ दोन, प्लुत तीन हे शाळेतलं पोर सांगेल, मग युरोपातल्या साधूंना हे जमलं नसेल असं का धरून चालायचं?

कवडसा | ९ डिसेंबर, रात्री ११:४०

+१ काकांना

बोरूबहाद्दर | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

ग्विदोचं सोडलं नव्हतं, राखून ठेवलं होतं.

@मात्रागण, आधी हे सांगा की मात्रापक्षातली कोणती आवृत्ती गायची? ऊदार म्हणाला एक न्यूम म्हणजे एक ठोका, मग त्यात दोन सूर असोत की सहा, सगळे त्या एका ठोक्यात कोंबा. दशेव्रँस यांचे हिशोब वेगळे. पेटर वाग्नर यांचे वेगळे. वोलार्ट्सचे आणखी वेगळे. एकच पान घेऊन हे सगळे बसले तर तितकी वेगवेगळी स्वरलिपी निघते. पुरावा इतका स्पष्ट असता तर असं झालं नसतं.

दुसरं. सेंट गालेनच्या लेखनिकांनी खुणांवर बारीक अक्षरं टाकलीत. 'सी' म्हणजे चटकन, 'टी' म्हणजे धरून ठेव, 'एक्स' म्हणजे थांब. त्याच मठातल्या नोटकरने (मृत्यू ९१२) या अक्षरांचा अर्थ सांगणारं पत्रच लिहिलंय. आता त्यात 'एम' पण आहे, म्हणजे बेताने, आणि 'बी', म्हणजे चांगलंच. 'बेताने लांब' आणि 'चांगलंच लांब'. एकास दोनमध्ये बेताने कसं बसवणार? दीर्घ स्वर थोडासा दीर्घ असतो का?

तिसरं म्हणजे ह्रस्व-दीर्घ. आपल्याकडे आहे म्हणून तिकडे असेलच हा युक्तिवाद मला तरी झेपत नाही. तोवर बोलीभाषेतल्या लॅटिनमधला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कधीच विरून गेला होता, उरला होता तो आघात.

मात्रागण | १० डिसेंबर, सकाळी ९:१०

'बेताने' हे कशाच्या तुलनेत बेताने? माप असल्याशिवाय बेत कसला? ठाय लयीत गाणारा पण 'जरा ओढून' म्हणतो, म्हणून मात्रा नाहीशी होत नाही. आणि पंडितांची मतं जुळत नाहीत म्हणून गोष्टच नव्हती, हा कुठला न्याय? तुमच्या ग्रंथकारांनी 'दुप्पट' लिहिलंय त्याचं काय ते सांगा.

बोरूबहाद्दर | १० डिसेंबर, सकाळी ९:४५

त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, ते मान्य. ग्विदोचा काळ शंभर वर्षं नंतरचा, आणि ग्रंथकार शास्त्र लिहिताना आकडे गोल करतात, एवढंच म्हणेन. कामाला जातो.

पापडीकर | १० डिसेंबर, दुपारी १२:२५

वसईकर इथे. एवढा वेळ वाचत होतो. आमच्याकडे १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्येच होती, नंतर व्हॅटिकन परिषदेमुळे मराठी आली. त्या १९६३ च्या दस्तऐवजात ग्रेगोरियन चांटला मानाचं स्थान द्या असंही लिहिलंय म्हणे, पण गावात आलं ते मराठी भजन आणि पेटी, आणि मला विचाराल तर बरंच झालं.

पण आमचा आजा शेवटपर्यंत 'मिस्सा दे आंजेलिस' (मिस्सेतल्या लॅटिन गीतांचा एक संच) तोंडपाठ म्हणायचा. शेतावर पण. अर्थ विचारला तर सांगता यायचा नाही नीट. त्याची लय मात्र तुमच्या तिन्ही पक्षांत बसत नाही, ती सरळ चालीची असायची, भाताच्या पेंढ्या उचलायच्या हिशोबाने. आणि ओळीच्या शेवटी असा सूर लांबवायचा की आजी आतून ओरडायची.

बोरूबहाद्दर | १० डिसेंबर, दुपारी २:००

@पापडीकर, आजोबांना कुणीच चूक ठरवू शकत नाही. 'दे आंजेलिस' जगभर सगळ्यात जास्त गायलं जाणारं, पण त्यातलं 'किरिये' हे गीत पंधराव्या-सोळाव्या शतकातलं आहे, आणि त्याला जोडून गातात ते तिसरं 'क्रेदो' तर सतराव्या. दहाव्या शतकातल्या खुणा त्याला नाहीतच. त्यामुळे न्यूमवाल्यांना तिथे बोलायला जागा नाही.

सासष्टीकर | १० डिसेंबर, दुपारी ३:१८

गोंयच्यान देव बरें करूं. आमच्याकडे लादाइन (गाऊन म्हणायची प्रार्थना) अजून घराघरांत लॅटिनमध्ये होते, मे महिन्यात खुरसापुढे (क्रुसापुढे), व्हायोलिन आणि दोन-तीन आवाज. हे ग्रेगोरियन नव्हे, पोर्तुगीज काळातलं, पण लॅटिन शब्द कोंकणी जिभेवर कसे वळतात ते ऐकायचं तर यावं. नंतर चणे आणि फेणी.

खवचट_खापर | १० डिसेंबर, दुपारी ३:२१

शेवटचं वाक्य आधी लिहायचं होतंत. मी येतो, लय कोणतीही असो.

ड्रोनाचार्य | १० डिसेंबर, रात्री ९:५५

सगळे कागदावर भांडताय, आवाजाचं कुणी बोलतच नाही. सोलेमच्या दोम गाजार यांच्या १९३० च्या तबकड्या ऐका. सुंदर, पण इतकं गुळगुळीत की सगळे भिक्षू एकाच ढगावर बसलेत असं वाटतं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सिलोसच्या मठवाल्यांची सीडी पॉप गाण्यांच्या यादीत चढली ती त्याच वळणाची. लोक ऑफिसमधून आल्यावर ताण घालवायला लावायचे. मध्ययुगातला माणूस असा गात असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आता मार्सेल पेरेस यांचा ऑर्गानुम गट ऐका, १९८२ पासूनचा. त्यांनी कॉर्सिकाच्या गावगायकांना घेतलं, ग्रीक चर्चमधल्या लिकुर्गोस आंगेलोपुलोस यांना घेतलं. खाली धरलेला खर्ज, वर गळ्यातून येणाऱ्या हरकती, मुरक्या, भरदार खुला आवाज. कुठला सूर किती मात्रांचा हा प्रश्नच पडत नाही, कारण सूर सरळ उभाच नाही, तो हलतोय. क्विलिस्मा नावाची जी कातरी खूण आहे ती बघूनच कळतं की तिथे आवाज थरथरायचा. आपल्या कानाला हे लगेच पटतं.

मात्रागण | १० डिसेंबर, रात्री १०:२०

पटतं म्हणूनच सांभाळून. कॉर्सिकातला आजचा गायक म्हणजे सेंट गालेनचा दहाव्या शतकातला भिक्षू नव्हे. कानाला गोड लागलं म्हणजे पुरावा झाला असं धरलं तर मी उद्या भैरवीत गाईन.

ड्रोनाचार्य | १० डिसेंबर, रात्री १०:२४

गा ना. रेकॉर्डिंग टाका.

कोरसवाली | ११ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी एका वृंदाची तालीम घेते (चांट नाही, पण वीस-पंचवीस हौशी लोकांना एका सुरात आणणं म्हणजे काय ते माहितीये), तर एक व्यावहारिक मुद्दा. मोकरोची पद्धत इतिहास म्हणून कशी आहे ते सोडा, ती शिकवायला अप्रतिम आहे. लॅटिन न येणारे लोक, आठवड्यातून एक तालीम, आणि सगळ्यांनी एकदम पुढच्या सुरावर जायचं. सारख्या मात्रा आणि दोन-तीनचे गट दिले की अर्ध्या तासात वृंद एकत्र येतो. 'शब्द बोला' म्हटलं की प्रत्येकजण आपापला शब्द बोलतो. शाळेतल्या मुलांना ती याच पद्धतीने शिकवली गेली यात नवल नाही.

शिवाय दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो. बारीकसारीक लांब-आखूड त्या घुमण्यात अर्धं विरून जातं.

तानपुरी | ११ डिसेंबर, सकाळी ८:१५

@कोरसवाली अगदी! आमचं हेच होतंय. नवीन बाईंबरोबर सोप्रानो (वरच्या पट्टीतल्या बायका) पुढे आणि पुरुष मागे.

पण आता लाल खुणांचं कुणी तरी नीट सांगा ना. त्या इतक्या खात्रीने कशा बोलतात? 'इथे लेखनिकाने बोरू उचललाय' म्हणाल्या काल, मला हसूच आलं.

बोरूबहाद्दर | ११ डिसेंबर, रात्री ९:३०

बोरूचा विषय निघाला म्हणजे मला यावंच लागणार.

हे दोम यूजेन कार्दिन यांचं. तेही सोलेमचेच, म्हणजे मठाने स्वतःच्याच शास्त्राला आतून सुरुंग लावला. १९६८ मध्ये त्यांचं न्यूमशास्त्राचं पुस्तक आलं, १९७९ मध्ये तुमचं त्रिप्लेक्स. वरच्या काळ्या खुणा लाँच्या, खालच्या लाल सेंट गालेनच्या गटातल्या. तुमच्या 'पुएर नातुस'साठी लाल खुणा आइन्झिडेल्नच्या असणार, कारण ३५९ हे एकट्या गायकाचं पुस्तक आहे, त्यात प्रवेशगीतं पूर्ण नाहीत.

बोरूची गोष्ट अशी. एका अक्षरावर समजा पाच सूर आहेत. लेखनिक ते सगळे एका झटक्यात, बोरू न उचलता काढू शकतो. पण काही ठिकाणी तो दुसऱ्या सुरानंतर मुद्दाम थांबतो आणि उरलेले तीन वेगळे काढतो. कार्दिन म्हणतात, जिथे तुटलं त्याच्या आधीचा सूर वजनदार, तिथे आवाज टेकतो. पण प्रत्येक तुटीला अर्थ नाही. चाल खाली उतरून पुन्हा वर जात असेल तर तळाशी बोरू उचलावाच लागतो, हाताचा नाइलाज. वरच्या टोकाला मात्र सहज पुढे जाता येत असताना उचलला, तर ती खूण. आणि मुख्य म्हणजे सेंट गालेन आणि लाँ, शेकडो किलोमीटरचं अंतर, दोघांची लिपी पूर्ण वेगळी, तरी एकाने जिथे 'चटकन' लिहिलं तिथे दुसऱ्यानेही बहुधा घाईचीच खूण केलीय. हे योगायोगाने होत नाही. माझं मत विचाराल तर कार्दिन यांचं बळ या जुळण्यात आहे, सिद्धांतात तितकं नाही.

त्यातून निघालेला एक ठोस निकाल सांगतो, तालमीत करून बघा. सालिकुस म्हणून तीन चढत्या सुरांची खूण. मोकरोच्या पुस्तकात मधल्या सुराखाली उभी रेघ, म्हणजे मधला धरायचा. कार्दिन यांनी दाखवलं की वजन तिसऱ्यावर आहे, मधला फक्त तिकडे झेपावतो. एवढ्याने सगळी ओळ फिरते. सोलेमने २००५ पासून काढलेल्या नव्या पुस्तकांतून ते इक्टस काढूनच टाकलेत.

ठेकेदार | ११ डिसेंबर, रात्री ९:४८

आता कुठे कामाचं बोललात. तिसऱ्यावर वजन म्हणजे तिहाईच की, छोटीशी.

मात्रागण | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

सालिकुसबद्दल कार्दिन बरोबर आहेत, देतो हे. पण मग पुढे जाऊन 'अक्षराएवढी लांबी, जराशी कमी, जराशी जास्त' असं मोघम ठेवलं ते घाबरून. मोजलं असतं तर माझ्याच दारात आले असते.

तानपुरी | १४ डिसेंबर, रात्री ११:०२

आज तालीम झाली. बाईंना सालिकुसचं विचारलं, त्या इतक्या खूश झाल्या की दहा मिनिटं त्यावरच. आधी सगळ्यांनी नुसते शब्द म्हटले, सूर नाही, तीन-चार वेळा, मग एकाच सुरावर, मग चालीत. आश्चर्य म्हणजे पुरुष मागे राहिले नाहीत. कोरसवालीचं म्हणणं खरं असलं तरी यावर हा उपाय दिसतो, शब्द एकत्र बसले की लांबी आपोआप एकत्र येते. वेळ मात्र दुप्पट लागतो.

मला तरी 'पुएर नातुस'पुरतं न्यूमवाल्यांचं पटलं. त्या सुरुवातीच्या उडीनंतर जुन्या पद्धतीत आम्ही मोजत बसायचो, आता ती बातमी सांगितल्यासारखी वाटते, मूल जन्मलंय म्हणून. काकांनी पूर्णवेळ पायाने ठेका धरला होता, त्यांना ग्विदोचं पंधरावं प्रकरण सांगितलं तर म्हणाले मला माहितीये, तूच उशिरा आलीस. 'दे आंजेलिस' मात्र जुन्या सरांच्या पद्धतीनेच गाणार, बाईंनीच सांगितलं, कारण बोरूबहाद्दरांनी दिलं तेच.

कवडसा | १५ डिसेंबर, सकाळी १०:१०

ऐकायचं असेल तर नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी?

बोरूबहाद्दर | १५ डिसेंबर, दुपारी १२:४०

आधी गाजार, मग पेरेस, आणि मधे कधीतरी गोडेहार्ड योपिख यांनी जर्मनीतल्या म्युन्स्टरश्वार्त्साखच्या भिक्षूंकडून गाऊन घेतलेलं, ते कार्दिन यांच्या वळणाचं. सेंट गालेन आणि आइन्झिडेल्नची पानं नेटवर फुकट बघता येतात, मोठी करून बघा, 'सी' आणि 'टी' ओळखायला दोन मिनिटं लागतात. आणि हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर गाजार आणि योपिख सारखेच ऐकू येतील.